मिऱ्यापर्यंतचा रस्ता

हदगावातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला आमच्याकडे कुणी नांदेड रोड म्हणते, कुणी उमरखेड रोड. आपण कुठे निघालो त्यावर नाव ठरते. दवाखान्याला नांदेड, सोयरिकीला उमरखेड-पुसद, कामच पडले तर नागपूर. बहुतेकांचे येणे-जाणे एवढ्यात आटोपते. सरकारी दप्तरात मात्र हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरीहून निघून वर्धा, यवतमाळ, उमरखेड, हदगाव, अर्धापूर, नांदेड, लोहा, लातूर, औसा करत तो तुळजापूरला जातो. तिथून सोलापूर गाठले की १६६ क्रमांकाचा महामार्ग धरायचा आणि मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर मागे टाकून आंबा घाट उतरायचा. हा रस्ता संपतो रत्नागिरीच्या मिऱ्या बंदराशी. रत्नागिरीचे लोक या सगळ्या रस्त्याला एकच नाव देतात, मिऱ्या-नागपूर. हदगावपासून त्याचे समुद्राकडचे टोक सातशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि त्या टोकाशेजारी, रत्नदुर्गाच्या डोंगरावर, १८६७ साली उभारलेले दीपगृह आहे.

सोयाबीन घरात आले आणि हरभऱ्याची पेरणी उरकली की शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत भाच्याला गाडी काढायला लावली. बेत साधा होता. मिऱ्याला समुद्र गाठायचा आणि तिथून किनारा धरून, वाटेतली दीपगृहे पाहत उत्तरेला मुंबईपर्यंत जायचे. गावात लोकांनी विचारलेच. अष्टविनायक ऐकलेत, ज्योतिर्लिंगे ऐकलीत, दिव्यांची यात्रा कशाला? आणि आपला समुद्राशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. मराठवाड्याच्या माणसाला समुद्र म्हणजे सहलीत एकदा पाहायची गोष्ट वाटते, आणि तसे वाटायला कारणही आहे.

आमचे पाणीसुद्धा त्या समुद्राला जात नाही. हदगावच्या शिवेवर कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. आमच्या रानात पडलेला पाऊस असा आंध्राच्या किनाऱ्यावर, बंगालच्या उपसागरात पोचतो. गोदावरीची वसिष्ठा शाखा जिथे समुद्राला मिळते त्या अंतर्वेदीलाही दीपगृह आहे. पाणी पूर्व समुद्राला आणि रस्ता पश्चिम समुद्राला, अशी आमच्या तालुक्याची ठेवण आहे. दोन्हीच्या टोकाशी दिवा आहे.

आता संबंधाचे. शेतात जे म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो ते आपल्या देशात जवळजवळ तयारच होत नाही. कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन अशा देशांतून ते जहाजाने येते. घरातले पामतेल मलेशिया-इंडोनेशियाहून येते. ट्रॅक्टरचे डिझेल ज्या कच्च्या तेलातून निघते तेही मुख्यतः समुद्रावरूनच. उलट आपल्या सोयाबीनची पेंड जहाजात भरून बाहेर जाते. भारतीय बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजाला दीपगृहांसाठी टनावारी शुल्क भरावे लागते. १९२७ च्या दीपगृह कायद्यापासून ही पद्धत आहे, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांचा खर्च त्यातूनच भागत आला. ते शुल्क जहाजाच्या भाड्यात मिसळते आणि भाडे मालाच्या किमतीत. म्हणजे हदगावच्या कृषी केंद्रातून पोटॅशचे पोते उचलणारा माणूस, कणभर का होईना, त्या दिव्याचे पैसे देतो. दिवा जेवढा मच्छीमाराचा तेवढाच त्याचाही आहे.

हा संबंध आजचाही नाही. महामार्गावरून थोडे आत वळले की धाराशिव जिल्ह्यातले तेर लागते. दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत, म्हणजे पेरिप्लसमध्ये, पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवरचे तगर ही नावे येतात. तिथला माल गाड्यांवरून भरुच बंदराला जात असे. त्याच मार्गदर्शिकेत कल्याणच्या खाली सेमिल्ला नावाचे बंदर आहे. सेमिल्ला म्हणजे रायगड जिल्ह्यातले चौल, असे अभ्यासक मानतात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाचे नाव ज्या हस्तिदंती बाहुलीमुळे दूरवर गेले तिची जवळची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८ साली इटलीत, पाँपेईच्या राखेखाली सापडली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. समुद्रापासून इतक्या आत बसलेल्या चित्रकाराला जहाज माहीत होते.

पुढे बहमनी काळात राजधानी बीदरला गेली. उदगीर ओलांडले की बीदर, म्हणजे आमच्या घरचेच. त्या राज्याचे मोठे बंदर होते दाभोळ. अरबी घोडे तिथे उतरत आणि हजचे यात्रेकरू तिथून निघत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, जुन्नरमार्गे बीदरला आला, तिथे बराच काळ राहिला आणि परत जाताना दाभोळला जहाजात बसला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. आम्ही ज्या खाड्या ओलांडत गेलो त्यांच्या तोंडांशी मराठवाड्याच्या जुन्या वाटा येऊन थांबत होत्या, ही गोष्ट मला निघताना कागदावर माहीत होती; खाडीच्या काठावर उभे राहिल्यावर ती पटली.

मग हा संबंध तुटला कधी? निजामाच्या राज्याला स्वतःचा किनारा उरला नव्हता. ती अडचण इतकी टोचणारी होती की १९४७ च्या धामधुमीत हैदराबादने पोर्तुगिजांकडून गोवा मिळवण्याची खटपट करून पाहिली. ते साधले नाही, आणि पुढच्या वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानच भारतात विलीन झाले. पण कित्येक पिढ्या बिनकिनाऱ्याच्या राज्यात गेल्याने आमच्या मनातून समुद्र गेला, तो गेलाच.

रत्नदुर्गावर आम्ही दुपार कलताना पोचलो. हा किल्ला तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. एका अंगाला भगवती देवीचे देऊळ असलेला बालेकिल्ला, मधे पेठ, आणि दुसऱ्या उंचवट्यावर दीपगृह. उत्तरेला मिऱ्याची पांढरी पट्टी दिसते, खाली भगवती बंदर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक शंका येते, ती भाच्यालाही आली. मनोरा एवढा बुटका का? चित्रातले दीपगृह उंच, सडपातळ असते.

याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. समुद्रावर दिवा दिसण्याला पहिला अडसर त्याच्या तेजाचा नसतो. पाण्याची फुगवटीच मधे येते. हिशेब सोपा आहे. दिव्याची समुद्रापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला २.०८ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत मिळते, आणि एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. दिवा शंभर मीटरवर असेल तर तो साधारण २१ सागरी मैलांवरून, म्हणजे ३८ किलोमीटरवरून, पाण्याच्या पातळीवर डोळा असलेल्याला दिसतो. पाहणारा जहाजाच्या डेकवर नऊ-दहा मीटर उंच उभा असेल तर त्यात आणखी सहा-साडेसहा मैलांची भर पडते. कोकणच्या किनाऱ्याला कडे आणि सडे निसर्गानेच दिले आहेत. जांभ्याच्या कड्यावर चार मजल्यांचा मनोरा बांधला तरी भागते. जिथे खडक पाण्याच्या पातळीवरच आहे, तिथे सगळी उंची माणसाला बांधावी लागते. मुंबईच्या प्राँग्ज खडकावर तेच करावे लागले.

दीपगृहाच्या माथ्यावरची काचेची खोली हे या सगळ्या प्रवासातले खरे पाहण्याचे ठिकाण. शेवटची चढण अरुंद लोखंडी शिडीची असते. डोके सांभाळा, अशी सूचना मिळते. वर दिवसा पडदे ओढलेले असतात. पर्यटकांपासून सामान झाकायला ते पडदे लावले असतील असे मला वाटले होते, पण कारण वेगळे निघते. जे भिंग रात्री आतला दिवा क्षितिजापर्यंत फेकते तेच भिंग दिवसा बाहेरचे ऊन गोळा करून आत एका जागी आणते. पडदा ओढायचा राहिला तर दिव्याचे भाग जळू शकतात.

ते भिंग नीट पाहावे असे असते. मधे डोळ्यासारखी गोल, फुगीर काच. तिच्याभोवती काचेची कडी, एकाबाहेर एक. वर आणि खाली त्रिकोणी लोलकांच्या ओळी, पायऱ्यापायऱ्यांनी आत कललेल्या. पितळी चौकटीत प्रत्येक तुकडा वेगळा बसवलेला. मधली कडी प्रकाश वाकवतात. वरचे-खालचे लोलक तो आतल्या आत परतवून सरळ करतात. दिव्यापासून वर छताकडे आणि खाली जमिनीकडे जाणारा, नाहीतर फुकट गेला असता असा प्रकाश अशा रीतीने एका आडव्या झोतात आणला जातो. सबंध जाड भिंग केले असते तर काच इतकी जड आणि जाड झाली असती की निम्मा उजेड तिनेच गिळला असता. म्हणून काचेचा निरुपयोगी गाभा काढून टाकायचा आणि वाकवणारा पृष्ठभाग तेवढा ठेवायचा. ही कल्पना प्रत्यक्षात आणली ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसाने, आणि १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआन दीपगृहात त्याचे भिंग लागले. फ्रेनेल मुळात रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यातला इंजिनिअर. क्षयाने तो १८२७ मध्ये गेला, चाळिशीही गाठली नाही. त्याच्या भिंगांचे वर्ग ठरलेले आहेत. पहिल्या वर्गाच्या भिंगात दिवा आणि काच यांत ९२० मिलिमीटरचे अंतर असते, सहाव्यात अवघे १५०. पहिल्या वर्गाच्या भिंगाच्या आत माणूस उभा राहतो.

असे काही क्विंटलांचे भिंग रात्रभर एका लयीत फिरवायचे कसे? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोडगा निघाला, की ते पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवायचे. मग बोटाने ढकलले तरी ते फिरते. फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा असे. मनोऱ्याच्या पोकळीत साखळीला वजन लोंबत असे, ते हळूहळू खाली येई आणि चाके फिरत. दर काही तासांनी रखवालदाराने चावी देऊन ते वजन पुन्हा वर घ्यायचे. पाऱ्याच्या वाफेने माणसांच्या प्रकृतीवर परिणाम होतो हे फार उशिरा ध्यानात घेतले गेले.

दिवाही बदलत गेला. आधी तेलाच्या वाती, मग रॉकेलच्या, मग दाबाखाली रॉकेलची वाफ करून ती जाळीच्या मेंटलमध्ये जाळणारा दिवा. गावातल्या वरातीत आणि भजनात जी गॅसबत्ती आपण पंप मारमारून पेटवली तिचेच हे थोरले भावंड. पुढे निर्मनुष्य खडकांवर ॲसिटिलीन वायू आला. ऊन पडले की आपोआप विझणारी आणि अंधारले की पेटणारी झडप गुस्ताफ डालेन या स्वीडिश इंजिनिअरने शोधली. १९१२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्याला त्यासाठी मिळाले. त्याच वर्षी वायूच्या स्फोटात त्याची दृष्टी गेली होती. मग वीज आली, आणि आता सौर पॅनलवर चालणारे एलईडी. एलईडीला फिरायची गरज नाही, चावी नको, पारा नको, माणूसही जवळजवळ नको.

दिवा नुसता दिसून भागत नाही. किनाऱ्यावर दिवे अनेक; हा कोणता, हे खलाशाला कळले पाहिजे. म्हणून प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची रीत वेगळी असते. कुणी एकदा चमकून ठरावीक सेकंद गप्प राहते, कुणी लागोपाठ दोनदा, कुणी तीनदा. ही रीत छापील यादीत नोंदलेली असते. रात्री पाण्यावरचा माणूस घड्याळ लावून सेकंद मोजतो आणि यादीशी ताडतो, की हा रत्नागिरीचा, तो जयगडचा. दिवसा हेच काम मनोऱ्याचा रंग आणि पट्टे करतात. अनोळखी माणसाला त्याने न विचारता तो कुठे आहे हे सांगणारी, धर्म-देश न पाहता सगळ्यांना सारखी सांगणारी ही व्यवस्था आहे. माणसाने केलेल्या सार्वजनिक कामांत मला तिच्याइतके निर्मळ काम दुसरे सापडत नाही.

रत्नागिरीहून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगडला गेलो. जयगडचे दीपगृह १९३२ चे. इथे शास्त्री नदीची खाडी समुद्राला मिळते. किल्ला, जुने बंदर आणि शेजारी नवे मोठे खासगी बंदर. कोळशाची जहाजे धक्क्याला लागलेली दिसतात, आणि जुन्या वस्तूंबद्दलचे आपले हळवेपण थोडे जागेवर येते. दिवा आजही कामावर आहे. सागरी महामार्गाचे पूल होईपर्यंत खाड्या फेरीबोटीनेच ओलांडायच्या. जयगड ते तवसाळ, मग धोपावे ते दाभोळ, मग वेसवी ते बागमांडला, मग दिघी ते आगरदांडा. गाडीसकट बोटीत चढायचे. भाच्याने पहिल्या खाडीवर हँडब्रेक दोनदा तपासला.

तवसाळहून हेदवी, वेळणेश्वर, गुहागर करत अंजनवेलला आले की वाशिष्ठीच्या मुखाशी गोपाळगड, त्याच्या पुढे टाळकेश्वराचे देऊळ आणि दीपगृह. समोर दाभोळ. निकितिन जिथून निघाला ते पाणी हेच. बीदरकडे जाणारे घोडे इथल्याच काठावर उतरून घाट चढले. आम्ही तिथे बराच वेळ थांबलो. मला वाटते, मराठवाड्यातल्या माणसाने किनाऱ्यावर एकच जागा पाहायची असेल तर ही पाहावी. गणपतीपुळ्याला तो जातोच.

हर्णैला संध्याकाळी वाळूत माशांचा लिलाव चालतो. कनकदुर्गाच्या खडकावर दीपगृह आहे आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. त्या विजयाची आठवण म्हणून लंडनमध्ये १७८४ साली बांधलेला मनोरा सेव्हर्नड्रूग कासल या नावाने अजून उभा आहे. हर्णैच्या दिव्याकडे पाहताना घरी परतणाऱ्या होड्यांचाच विचार करावा लागतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते; नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून दर्या खुला होतो आणि मग कित्येक रात्री होड्या बाहेर असतात. जीपीएस प्रत्येक तांडेलाकडे आहे. तरी पडद्यावरचा ठिपका खरा की खोटा हे डोळ्यांनी ताडायला बत्ती लागते, हे तिथल्या माणसांच्या बोलण्यात सहज येते. बॅटरी उतरते, यंत्र भिजते. शिवाय उपग्रहाचे संकेत बिघडवता येतात, हे अलीकडच्या युद्धांत जहाजांनी अनुभवले आहे.

श्रीवर्धन, मुरूड, काशीद पटकन मागे पडले आणि कोर्लई आले. कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात शिरलेला लांब डोंगर, त्यावर पोर्तुगिजांचा किल्ला, आणि पायथ्याजवळच्या खडकावर १९५५ चे दीपगृह. गावातली ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलतात. तिला ते नो लिंग, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. खाडीपलीकडे रेवदंडा आणि चौल. तेर सोडल्यापासून जो रस्ता मनात होता त्याचे टोक इथे पाण्याला लागते. एके काळी इथे गोदामे आणि धक्के होते. आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत.

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी दिसते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ती बांधायला घेतली तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले. महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी होड्यांनिशी त्यांना झुंजवत ठेवले आणि काम पुरे झाले. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांची चौकी बसली. त्याच बेटावर १८६७ मध्ये अष्टकोनी मनोऱ्याचे दीपगृह झाले, रत्नागिरीच्याच वर्षी. बेटावर वेताळाचे ठाणे आहे, कोळी बांधव त्याला मानतात. आणि एक मोठा दगड आहे, त्यावर दुसरा दगड वाजवला की धातूसारखा नाद येतो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटले, त्यात सुवर्णदुर्ग आहे आणि खांदेरीही आहे.

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या पुढे समुद्रात, प्राँग्जचा मनोरा १८७५ पासून उभा आहे. टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरने तो बांधला. पाण्याबाहेर जेमतेम डोके काढणाऱ्या खडकावर, भरतीच्या वेळा सांभाळत, चाळीस मीटरच्या आसपास उंचीचा दगडी मनोरा रचायचा म्हणजे काय, हे ओहोटीला उघडा पडलेला तो खडक लांबून पाहिला तरी कळते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १७ जुलै १९४७ ला, दिव्याच्या अवसेच्या तोंडावर, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळी पावसात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सण जवळ आला म्हणून गावी निघालेले चाकरमानी, बायका, मुले. ती दिवसाउजेडी बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. दीपगृह तिथे काहीच करू शकले नसते. दिव्याचे गुणगान करताना त्याची हद्दही ध्यानात ठेवावी लागते. दिवा खडक दाखवतो. बोटीत किती माणसे भरायची आणि खराब हवेत निघायचे की नाही, हे माणसांनाच ठरवावे लागते.

आज दीपगृहांचा कारभार दीपगृह व दीपनौका महासंचालनालयाकडे आहे. मुख्यालय नोएडाला, प्रादेशिक कार्यालय मुंबईला. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर टेहळणीची साखळी उभारली गेली, तेव्हा अनेक रडार आणि कॅमेरे बसवायला दीपगृहांचेच मनोरे उपयोगी पडले. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांची ओळख टिपणारी यंत्रणाही त्यांच्यावर आहे. दिवे निवृत्त झाले ही समजूत म्हणून खरी नाही. त्यांचे काम वाढले आहे. जे जाते आहे ते आतले सामान. भिंगे, पितळी चौकटी, चाव्या देण्याची यंत्रे, मेंटलचे दिवे, नोंदवह्या. एलईडी आला की जुनी यंत्रणा अडगळ ठरते, आणि अडगळ भंगारात जायला वेळ लागत नाही.

१९२७ चा कायदा जाऊन २०२१ मध्ये सागरी दिशादर्शन साधनांचा नवा कायदा आला. त्यात वारसा दीपगृहे ठरवून शिक्षण, संस्कृती आणि पर्यटन यांसाठी ती विकसित करण्याची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सोयींचे लोकार्पण झाले. गोव्यात आग्वादला, जिथले जुने दीपगृह १८६४ चे आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये पहिला दीपगृह महोत्सव भरला. लोथलच्या सागरी वारसा संकुलात ७७ मीटर उंचीचे दीपगृह-संग्रहालय आखले आहे. हे सगळे चांगलेच आहे. पण उपाहारगृह, बाकडी आणि सेल्फीची चौकट एवढ्यावर थांबलो तर पाहुणा मनोरा पाहून परत जाईल आणि दिवा कसा चालतो हे त्याला कळणारच नाही. केरळात आलप्पुळ्याला आणि तमिळनाडूत महाबलीपुरमला दीपगृहाशेजारी जुन्या यंत्रांचे संग्रहालय आहे. रत्नागिरी आणि खांदेरी या १८६७ च्या जोडीला आणि प्राँग्जला वारसा दीपगृहांचा दर्जा मिळावा, उरलेली जुनी यंत्रणा जागच्या जागी जपावी, आणि ती कशी चाले हे मराठीत लिहिलेले फलक लावावेत, एवढीच माझी मागणी आहे. ही मागणी रत्नागिरी-रायगडच्या लोकांनी करावी, आणि तितक्याच हक्काने नांदेड-लातूरच्या लोकांनीही करावी.

मराठवाड्यातल्या शिक्षकांना एक विनंती आहे. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आपल्या शाळांच्या सहली गणपतीपुळ्याला, मुरूड-जंजिऱ्याला जातात. त्या वाटेवर रत्नागिरीचे आणि कोर्लईचे अशी दीपगृहे आहेत. वेळापत्रकात त्यातले एक घाला. वर सोडण्याच्या वेळा ठरावीक असतात, बहुधा दुपारनंतरच्या, आणि मोठा गट असेल तर आधी विचारावे लागते. तेवढे पत्र शाळेने पाठवावे. आदल्या रात्री मुलांना किनाऱ्यावर उभे करून घड्याळाने चमकेचे सेकंद मोजायला सांगा, वहीत लिहायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी वर गेल्यावर रखवालदाराकडून ताडून घ्यायला सांगा.